नफ्यात ३० टक्के, तोट्यात शून्य

दुसऱ्याच्या हाती पैसे देणं वेगळं आणि निर्णय देणं वेगळं. बँकेत ठेव ठेवतो तेव्हा आपण पैसे देतो, आणि ते किती व्याजाने, कधी परत मिळणार हे आधीच ठरलेलं असतं. 'मॅनेज्ड फॉरेक्स अकाउंट' उघडताना उलटं होतं. पैसे नावाला आपल्याच खात्यात राहतात, आपण देऊन टाकतो तो निर्णय. डॉलर कधी घ्यायचा, येन कधी विकायचा, किती पट उधारीवर खेळायचं, तोटा होतोय हे दिसल्यावर कधी थांबायचं, हे सगळं दुसरा माणूस ठरवतो. आपल्याकडे उरतं ते मोबाइलवरचे हिरवे-लाल आकडे बघणं. असा निर्णय देऊन टाकला, की त्यातून जे घडेल त्याची जबाबदारीही देऊन टाकता येते का, हा माझा प्रश्न आहे.

तो पुस्तकातून पडलेला नाही. माझा मावसभाऊ कोलाडला राहतो, धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी ऑपरेटर आहे. मुंबई-गोवा हायवेच्या रुंदीकरणात काकांची थोडी जमीन गेली, तिच्या मोबदल्यातले ३ लाख बँकेत पडून आहेत. शिफ्टमधल्या एका मित्राने त्याला टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे एक 'सर' आहेत. महिन्याला ८ टक्के परतावा, खातं तुमच्याच नावावर, सरांना फक्त ट्रेड करायचा अधिकार. नफ्यातले ३० टक्के सरांचे. तोटा झाला तर सर एक पैसा घेत नाहीत. हे शेवटचं वाक्य तो मला असं सांगत होता, की जणू तो सरांचा मोठेपणा आहे.

"ताई, तू फक्त एवढं सांग, यांच्याकडे देऊ की दुसरे एक आहेत त्यांच्याकडे? ते २० टक्केच घेतात."

म्हणजे 'देऊ का' हा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेलाच होता. त्याला फक्त माणूस निवडायचा होता.

मी आधी त्याला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडायला लावला. महिन्याला ८ टक्के आणि नफा काढून न घेता पुन्हा त्यातच, तर वर्षात पैसे अडीच पट होतात. पाच वर्षांत शंभर पट, म्हणजे ३ लाखांचे ३ कोटी. दहा वर्षांत ३०० कोटी. ज्याला हे जमतं त्याने धाटावच्या कंत्राटी कामगाराकडे ३ लाख मागत कशाला फिरावं? स्वतःचे ३ लाख लावून गप्प घरी बसावं. भाऊ म्हणाला, "सरांना आपल्या पोरांना वर आणायचंय." यावर मी काही बोलले नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते फार लांबवण्यासारखं नाही. फेमा, म्हणजे १९९९चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, सांगतो की भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत संस्थांशी आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करायचे. ऑनलाइन करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन भरायला पैसे पाठवण्याची मुभा नाही. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ला अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी काढली, तेव्हा तिच्यात ३४ नावं होती. नंतर ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ होत नाही, हेही बँकेने सांगून ठेवलंय. सरांचा ब्रोकर कुठल्याशा लांबच्या बेटावर नोंदलेला आहे. त्यामुळे ३० टक्केवाले सर की २० टक्केवाले, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने तिथेच संपतो.

पण माझं समाधान तेवढ्याने होत नाही. उद्या कायदा बदलला आणि हे सगळं चालू झालं, तर हा व्यवहार बरा होईल का? मला नाही वाटत. दुखणं त्या '३० आणि शून्य'मध्ये आहे.

समजा सरांकडे दोन गिऱ्हाइकं आहेत, एक कोलाडचा आणि एक पेणचा. सरांना बाजाराचं काडीचं ज्ञान नाही. ते कोलाडवाल्याच्या खात्यात डॉलर वर जाईल असा डाव लावतात आणि पेणवाल्याच्या खात्यात डॉलर खाली येईल असा. महिनाअखेर एकाला २० हजारांचा नफा होतो, दुसऱ्याला २० हजारांचा तोटा. दोघांचं मिळून शून्य. सरांना मात्र नफ्यातले ३० टक्के, म्हणजे ६ हजार मिळतात. पेणवाल्याचं ते काही घेत नाहीत, केवढे हे उपकार! शिवाय कोलाडवाल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो, आणि पेणवाला शरमेने गप्प बसतो. सर असंच करतात असं मी म्हणत नाही. असं केलं तरी त्यांचं काहीच बिघडत नाही, एवढंच मला दाखवायचंय. करार असा आहे की त्यांना बरोबर असण्याची गरजच नाही.

परदेशातल्या रीतसर मॅनेज्ड खात्यांत यावर थोडा इलाज करतात. आधीचा तोटा भरून निघाल्याशिवाय मॅनेजरला नव्या नफ्यातला वाटा मिळत नाही, आणि काही ठिकाणी त्याने स्वतःची रक्कमही त्याच खात्यात ठेवावी अशी अट असते. म्हणजे दोष त्यांनाही ठाऊक आहे.

कोलाडला राहून हे समजायला फार लांब जावं लागत नाही. कुंडलिकेवर राफ्टिंगला येणारी मुंबई-पुण्याची माणसं काय करतात? पोहता येत नसलं तरी अनोळखी गाइडच्या हाती जीव देतात. तो 'फॉरवर्ड' म्हणाला की वल्ही मारायची, 'स्टॉप' म्हणाला की थांबायचं. नदीतलं पाणीसुद्धा त्याच्या हातात नसतं. भिऱ्याच्या वीजगृहातून सकाळी पाणी सुटतं तेव्हा नदीला वेग येतो. तरीही गाइडवर भरवसा ठेवणं मूर्खपणाचं वाटत नाही, आणि ते त्याच्या सर्टिफिकेटमुळे नाही. तो त्याच राफ्टमध्ये मागे बसलेला असतो. राफ्ट उलटली तर तोही पाण्यात पडतो. हीच नदी पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिथल्या होड्यांवरही हेच. डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून मासळीचे वाटे पडतात. जाळं रिकामं आलं तर नाखवाही रिकाम्या हाताने घरी जातो, आणि वादळात सापडलाच तर खलाशांबरोबर सापडतो.

टेलिग्रामवरचे सर काठावर उभे राहून 'फॉरवर्ड' म्हणतात.

यावर भावाचं उत्तर तयार होतं. त्याने सरांचा अकरा महिन्यांचा रेकॉर्ड दाखवला, एकही महिना लाल नाही. आलेख जिन्यासारखा वर चढणारा. मला त्या आलेखाचीच जास्त भीती वाटली, आणि ती का, हे सांगणं जरुरीचं आहे, कारण बहुतेक जण नेमके इथे फसतात. असा आलेख काढायची जुनी युक्ती आहे. तोटा झाला की तो मान्य करायचा नाही, पुढचा डाव दुप्पट लावायचा. पुन्हा हरलात, पुन्हा दुप्पट. कधीतरी एक डाव जिंकतोच, आणि आधीचं सगळं भरून निघून वर थोडा नफा उरतो. महिनोन्महिने हे चालतं. पण लागोपाठ दहा डाव हरलात तर पहिल्या डावाच्या १०२३ पट रक्कम गेलेली असते, आणि तेवढी खात्यात नसते. त्यात उधारी १:५००. म्हणजे पूर्ण रक्कम गुंतवली असेल तर भाव ०.२ टक्के विरुद्ध गेला तरी खातं साफ. असं खातं हळूहळू आजारी पडत नाही. ते अकरा महिने ठणठणीत दिसतं आणि बाराव्या महिन्यात एका रात्रीत जातं. युरोपातल्या बाजार नियामकाने २०१८मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी प्रमुख चलनांवरची उधारी ३० पटीपर्यंत आणली. या प्रकारच्या खात्यांपैकी ७४ ते ८९ टक्क्यांत तोटाच होतो, असं त्याला आढळलं होतं. तिथले ब्रोकर परवानाधारक होते, तरीही.

थोडं विषयांतर. कोलाडहून रोहा जवळच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं बालपण त्या गावात गेलं. १९४४मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला जी परिषद झाली, तिच्यात भारताच्या वतीने ते होते. देशादेशांच्या चलनांचे दर बांधलेले असावेत, रोज हिंदकळू नयेत, असं तिथे ठरलं. ती व्यवस्था १९७१मध्ये मोडायला लागली, दर सुटे झाले, आणि त्या हिंदकळण्यावर आज जगात रोज लाखो कोटी डॉलरची उलाढाल चालते. २०२२च्या मोजणीत ती रोजची ७.५ लाख कोटी डॉलर होती. यातला काही भाग खऱ्या गरजेचा असतो. धाटावच्या कंपनीने परदेशातून कच्चा माल मागवला तर तिला डॉलर लागतात, आणि दर वाढण्याची भीती तिच्या अंगावर खरोखरच असते. ती भीती दुसऱ्याकडे सोपवायला हा बाजार हवाच. माझ्या भावाच्या अंगावर मात्र डॉलरची कसलीच जोखीम नाही. तो पैसे देऊन ती विकत घ्यायला निघाला होता.

आता त्याची बाजू. ती मला सहज खोडता आलेली नाही. तो म्हणाला, "पेण अर्बन बँक लायसनवालीच होती ना?" होती. २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा बनावट कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर आला आणि जिल्ह्यातल्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. भाजी विकून, पापड लाटून साठवलेले पैसे होते ते. त्या लोकांनी कुणाच्या हाती निर्णय दिला नव्हता, हावही केली नव्हती. त्याचं दुसरं म्हणणंही खरं आहे. भारतात रीतसर पोर्टफोलिओ मॅनेजर हवा तर सेबीच्या नियमाने किमान ५० लाख लागतात. "म्हणजे श्रीमंताला मॅनेजर आणि आम्हाला एफडी?" ३ लाखांवर सात टक्क्यांनी महिन्याला पावणेदोन हजार येतात. तेवढ्यात त्याच्या आयुष्यातलं काही हलत नाही, हे मलाही दिसतं. मी त्याला म्युच्युअल फंडाचं सांगितलं. तिथेही दुसराच माणूस निर्णय घेतो, पाचशे रुपयांपासून घेतो, आणि त्याच्यावर देखरेख असते. त्याने ऐकून घेतलं. पण 'वर्षाला कदाचित बारा टक्के' हे वाक्य 'महिन्याला आठ'नंतर ऐकलं की कानाला अळणी लागतं.

पेण अर्बनबद्दल मात्र मी एक म्हणाले. परवाना बुडण्यापासून वाचवत नाही, हे खरं. पण त्या ठेवीदारांना जायला एक पत्ता होता. त्यांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं कोर्टात आणि सरकारदरबारी खेटे घातले. आपलं गाऱ्हाणं ताठ मानेने सांगता येत होतं. तुझे पैसे गेले तर तू मोर्चा कुठे नेशील? पोलिसात गेलास तर पहिल्याच वाक्यात सांगावं लागेल, की मीच परवानगी नसलेल्या ठिकाणी पैसे पाठवले. हा व्यवहार माणसाचे पैसे तर नेतोच, तक्रार करायचं बळही आधीच काढून घेतो.

मग जबाबदारी देऊन टाकता येते का? राफ्टमध्ये बसणारा निर्णय देतो, पण कुणाला द्यायचा हे त्याने स्वतः पारखलेलं असतं. ती पारख दुसऱ्यावर सोपवता येत नाही. 'मॅनेज्ड' या शब्दात आपल्याला हवी असते ती नेमकी ही सूट: नफा झाला तर मी हुशार, तोटा झाला तर सरांनी घालवले. मला ही हावेपेक्षा दमलेल्या माणसाची इच्छा वाटते. बारा तासांची शिफ्ट करून आलेल्याला आणखी एक निर्णय नको असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सरांचा धंदा या दमणुकीवरच चालतो.

आणि एवढ्यावर भागत नाही. ग्रुपमध्ये आणखी एक सोय आहे. आपल्या लिंकवरून कुणी आलं तर त्याच्या प्रत्येक ट्रेडमागे आपल्याला कमिशन. भावाला आणणाऱ्या मित्राला ते मिळणार होतं, आणि भावाच्या मनात पुढचं नाव माझ्या आईचं होतं. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "मावशीचं पण भलं होईल." इथे मला राग आला. स्वतःचा निर्णय सरांना दिला, तो एक वेळ त्याचा प्रश्न. पण आई पैसे देणार ते सरांवर विश्वास ठेवून नाही, याच्यावर ठेवून. तिच्यासाठी मॅनेजर हाच. हा स्वतः काही न जाणता तिच्या राफ्टचा गाइड होणार, तोही काठावर उभा राहून, कमिशन घेऊन.

हे मी त्याला जवळजवळ याच शब्दांत बोलले. तो गप्प झाला. रात्री त्याने सरांना एकच प्रश्न पाठवला, तुमचे स्वतःचे किती पैसे या खात्यांबरोबर लावलेत? उत्तर दोन मिनिटांत आलं: "ट्रस्ट नसेल तर जॉइन करू नका भाऊ. सीट्स लिमिटेड आहेत."

३ लाखांपैकी दोनची त्याने काकांच्या नावाने एफडी केली. उरलेल्या एकाचं अजून ठरलेलं नाही. ग्रुप त्याने सोडलेला नाही. शिफ्टच्या बसमध्ये बसला की उघडतो, सरांचा बारावा महिना कसा चाललाय ते बघतो आणि मला स्क्रीनशॉट पाठवतो. काल ६ टक्के वर होता.