सन 1281

हुमनाबादच्या एका भावकीने कुळाचा वृत्तान्त छापायचं ठरवलं. खर्च अण्णांचा, कारण थोरले तेच. काम चौघांनी फुकट अंगावर घेतलं: निवृत्त उर्दू मास्तर, मोडी शिकलेली धाकटी सून, पंढरीची वारी न चुकवणारा एक पुतण्या आणि तहसीलमधून जुने उतारे काढून आणणारा शेजारचा पोरगा. सुनेने नियम घातला. कागद असेल ते शाईने, ऐकीव असेल ते पेन्सिलीने.

वृत्तान्तातलं मानाचं पान आधीच ठरलेलं होतं. खापरपणजोबांनी माणिकनगराजवळ घर घेतलं तेव्हा खुद्द माणिकप्रभू महाराज उंबऱ्यापर्यंत आले आणि त्यांनी हातावर नारळ ठेवला. खरेदीखत फारसीत, सन 1281. हिजरी धरलं तर 1864-65. प्रभूंनी समाधी घेतली 1865च्या मार्गशीर्षात. बसत होतं. शिवाय तिघा म्हाताऱ्यांनी हीच गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

"तीन साक्षी झाल्या की," अण्णा म्हणाले.

सुनेने तिघांना वेगवेगळं गाठून एवढंच विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तिघांनी एकाच आत्याचं नाव घेतलं. आत्यांचा जन्म 1920 नंतरचा.

मास्तरांनी कागद खिडकीशी नेला. निजामाच्या मुलखात हिजरी आणि फसली असे दोन्ही सन चालत. आकड्यामागे बारीक 'हे' असलं तर हिजरी, 'फे' असलं तर फसली. इथे घडी नेमकी त्या अक्षरावरून गेली होती आणि तिथला कागद पार विरला होता. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1871. तेव्हा प्रभूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. मास्तरांनी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. तिथे फारसी वाचणारं दुसरं होतं कोण? आणि प्रभूंच्या सकलमताच्या दरबारात तेही लहानपणापासून माथा टेकत आलेले. पण ते म्हणाले, "अक्षर दिसत नाही. हिजरी म्हणून मी लिहून देणार नाही."

अण्णांनी बोलणं टाकलं. भावकीतल्या काहींनी मास्तरांचा धर्मही काढला. त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

पुतण्याने पंढरपुरात तीर्थोपाध्यायांची वही काढायला लावली. शके 1791, म्हणजे 1869, मोडीत नोंद: खापरपणजोबा, त्यांचे दोघे भाऊ, राहणार म्हणून भालकीकडचं एक गाव. शके 1796च्या नोंदीत मात्र "हल्ली मुक्काम हुमनाबाद". घर आधीच घेऊन पाच-सहा वर्षं कुलूप लावून ठेवलं असेल, असा तर्क कुणीतरी काढला. सुनेने तोही लिहून घेतला, पेन्सिलीने. नारळाची गोष्टही पेन्सिलीनेच राहिली.

वहीच्या पानाचा फोटो अण्णांनी बराच वेळ पाहिला. प्रभूंचं काही बोलले नाहीत. "हे दोघे भाऊ? यांचं पुढं काय झालं?"

कुणालाच माहीत नव्हतं. हुमनाबादेत घर झालं आणि मागचं गाव सुटलं. पोराने चार ठिकाणी फोन लावले. शेवटी त्या गावातला, त्याच आडनावाचा एक म्हातारा बोलला, "आमच्यातला एकजण हुमनाबादला गेला म्हणतात. कागद काही नाही बघा."

"असू दे, पेन्सिलीने लिहू," अण्णा म्हणाले आणि मास्तरांकडे वळले. "मास्तर, भालकीची सकाळची बस किती वाजता?"