फटी बुजवताना

आमची पिकअप जुनी आहे. कांदा आणि डाळिंब बाजारात न्यायला घेतली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी पायी वारी सोडायला लावली, तेव्हा मी ठरवलं की हिच्याच मागं राहायची सोय करायची. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा सांगाडा करून घेतला. बाजूला पत्रा, वर ताडपत्री, आत फळ्यांची बाज, पाण्याचा कॅन, लहान शेगडी. पंढरपुरात चार दिवस कुणाच्या दारात जागा मागायची गरज उरली नाही. पोरं त्याला कॅम्पर म्हणायला लागली. आमची ही म्हणाली, "चाकावरचं खोपटं झालं की हो!"

खोपटं झालं खरं, पण ते गाडीच्या केबिनपेक्षा हातभर उंच झालं. गाडी पन्नासाच्या आत असली की काही नाही. साठाला गेली की घूं घूं सुरू व्हायचं आणि सत्तरला शिट्टी. नुसती शिट्टी नव्हे, दातात कळ भरावी तशी. माणच्या माळावर आषाढाचं वारं कसं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ते समोरून आलं की गाडीत बोललेलं शेजारच्याला कळायचं नाही.

वाऱ्याचं मला लहानपणापासून अप्रूप. खळ्यावर वडील तिपाईवर उभे राहून पाटीनं वारं द्यायचे. दाणे खाली पडायचे, भुसकट पुढं जायचं. वारं पडलं की ते पाटी तशीच हातात धरून थांबायचे आणि कान द्यायचे. लिंबाचा शेंडा वाजला की म्हणायचे, "आलं रं." वाऱ्याचा आवाज म्हणजे त्यांना निरोप होता. मला मात्र साठीत तोच आवाज नकोसा झाला.

दहिवडीला एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दहाची नोट दारात धरा, दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर मेलंय." दोन्ही दारांच्या वरच्या कोपऱ्यात नोट सुळकन निघाली. मग म्हणाले, "आता चिकटपट्टी घ्या. एका वेळी एकच फट बंद करायची, गाडी पळवायची, ऐकायचं. आवाज गेला तर चोर तिथं. सगळ्या फटी एकदम बंद केल्या तर आवाज जाईल, पण चोर कळणार नाही."

मला तेवढा धीर कुठला! वारी तोंडावर आलेली. मी रबराची गुंडाळी आणली, फोमच्या शीट आणल्या आणि दिसेल ती फट बुजवली. दारं, खिडक्या, आरसा बसवलेली जागा. तरी मागून घूं घूं येतच होती, म्हणून केबिनच्या मागच्या काचेवर आतून दुहेरी फोम चिकटवला. मग गाडी रस्त्यावर काढली. ऐंशीला नेली. शांत! मी पोराला म्हणालो, "बघ, गाडीत बसलो की देवळात बसल्यासारखं वाटतंय." त्या शांततेचा मला गर्व झाला होता, हे आज कबूल करतो.

परतीच्या वाटेवर पंढरपूर सोडलं आणि ही म्हणाली, "पुढं तिघांत दाटी होतीय. पाठ मोडून आलीय, मी मागं जरा आडवी होते." मालगाडीच्या हौद्यात माणूस बसवून गाडी चालवायची नसते, हा कायदा मला ठाऊक आहे आणि तो योग्यच आहे. पण आपल्याकडं लग्नाला, मजुरीला, वारीला सगळे तसेच जातात, त्यामुळं मनाला टोचलं नाही. मी म्हणालो, "पड निवांत."

पिलीव मागं पडलं. मोकळा माळ, समोरून वारं, केबिनमध्ये भजन लावलेलं. मी आणि पोरगा बोलत होतो. म्हसवडच्या अलीकडं एक मोटारसायकलवाला बरोबरीला आला आणि हात हलवून ओरडायला लागला. मला वाटलं, रस्ता मागतोय. तो पुढं जाऊन आडवाच थांबला.

उतरून मागं गेलो तर ताडपत्रीची पुढची दोरी पाइपाच्या कडेवर घासून तुटलेली. ताडपत्रीचं टोक चाबकासारखं आपटत होतं. कॅन आडवा होऊन सगळं अंथरूण भिजलेलं. ही गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी तुटकी दोरी मनगटाला गुंडाळून ओढून धरलेली. तळहाताची सालपटं निघालेली. ती रडली नाही, ओरडली नाही. शेजारी पडलेला तांब्या उचलून तिनं माझ्यापुढं धरला.

"काचेवर वाजवून वाजवून चेपला बघा. तुम्हाला कसं ऐकू आलं नाही हो?"

काय सांगणार? मीच काचेला फोम लावला होता.

घरी आल्यावर मी पुष्कळ दिवस याचा विचार केला. फार शिकलेला माणूस नाही मी, दहावीपर्यंत गेलो. पण एवढं कळत होतं की दोरी तुटायच्या आधी तिनंही आवाज केलाच असेल. मागून येणारी घूं घूं म्हणजे सांगाडा थरथरतोय, दोरी घासतेय, उंच पत्र्यावर वारं धडकतंय, हेच तर होतं. कारण जागच्या जागी राहिलं. मी फक्त माझे कान बाजूला काढले. आणि कान बंद केले तेव्हा जो आवाज नको होता त्याच्याबरोबर जो हवा होता तोही गेला. फोमला कुठं कळतंय, वारं कोणतं आणि बायको कोणती?

पोरगा म्हणतो, "आबा, तुम्ही शांततेलाच दोष देताय. दिवसभर कानात वारं घुमलं की ड्रायव्हर थकतो, आणि थकलेला ड्रायव्हर चुकतो." त्याचं बरोबर आहे. आवाज सोसत बसणं ही काही साधना नव्हे. पण आवाज कमी करणं आणि आवाज करणाऱ्याला गप्प करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला वेळ लागतो, वाकून बघावं लागतं. दुसरीला फोमची शीट पुरते.

मग आठवायला लागलं, तसली शीट मी आयुष्यात कुठंकुठं लावली. ही वर्षभर गुडघा दुखतोय म्हणत होती आणि मी "होईल बरा" म्हणून विषय मिटवायचो. मी ग्रामपंचायतीत सदस्य होतो तेव्हा खालच्या वस्तीतल्या बाया नळाला पाणी येत नाही म्हणून दर ग्रामसभेला भांडायच्या. आम्ही काय केलं? दोन टँकर पाठवले. ओरडा थांबला. पाइप कुठं फुटलाय ते कुणी उकरून पाहिलं नाही. उन्हाळा गेला आणि आम्हीही म्हणालो, "आता कसं शांत आहे." शांतता आमची होती. हंडा त्यांच्याच डोक्यावर होता.

म्हणून मला वाटतं, कुठलीही शांतता मिळाली की माणसानं एक प्रश्न विचारावा : हिची किंमत कोण देतंय? मी दिली असेल तर ठीक. माझ्या पाठीमागं बसलेलं कुणी देत असेल, तर ती शांतता नव्हे, तो बहिरेपणा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दहिवडीला गेलो. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसती चिकटपट्टी पुढं केली. या वेळी एकेक फट तपासली. शिट्टीचा चोर उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात निघाला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती वाजते, तसाच प्रकार. तेवढं रबर बदललं. सांगाडा हातभर खाली घेतला आणि पुढच्या उभ्या पत्र्याऐवजी तिरका पत्रा बसवला, म्हणजे वारं धडकायच्या ऐवजी वरून निघून जातं. बांधायचा चपटा पट्टा ताणून सरळ ठेवला की तो वाऱ्यात फडफडून गुणगुणतो. त्याला मध्ये एक पीळ दिला की गप्प बसतो. गोल पाइपावर दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली. मोटारीच्या एरियलला असा पीळ दिसतो, तो त्याचसाठी असतो म्हणे. वारं एकसारखं सुटायचं फुटतं आणि आवाज धरत नाही. दोरी घासायची तिथं जुन्या टायरचा तुकडा बांधला. आणि मागच्या काचेवरचा फोम नखांनी खरवडून काढला.

शेवटची गोष्ट मिस्त्रींनी फुकट सांगितली : पाय आवरा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. साठावरून ऐंशीला गेलं तर जोर जवळजवळ पावणेदोन पट. सगळी रबरं एकीकडं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय एकीकडं.

तरी थोडा आवाज राहिलाच आहे. तो मी ठेवलाय. हौद्यात आता माणूस बसत नाही. बाज गाडी उभी असताना झोपायला. ही पुढं, आमच्या दोघांच्या मध्ये बसते. चेपलेला तांब्या तिनं बदलू दिला नाही, तोच गाडीत असतो. माळावर आलो आणि काटा साठाकडं सरकला की मागून हलकी घूं सुरू होते. ही माझ्याकडं बघत नाही, रस्त्याकडंच बघत म्हणते, "बोलायला लागलं बघा."

मी पाय वर घेतो.