करण आणि कर्ता

बेंगळूरच्या सरकारी कचेऱ्यांत बसणाऱ्या आम्हा कारकुनांच्या कानांवर एक वाक्य वरचेवर येते : “हे मी लिहिले नाही, संगणकाने लिहिले.” ही तक्रार निराधार नसते. इंग्रजी टिपण चालू असता मध्येच कानडी अक्षरे उमटू लागतात. एकच अक्षर ओळभर धावत सुटते. लिहिलेला शब्द डोळ्यांदेखत बदलतो. मग अशा शब्दाचा कर्ता कोण समजावा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. संगणकाचा दोष शोधणारा जाणता मनुष्यही बहुधा याच वाटेने जातो. प्रथम तो करण तपासतो. कळफलक काढून दुसरा जोडतो. अक्षरांचे धावणे थांबले, तर दोष अडकलेल्या कळीचा. मग चेष्टा : विंडोजमध्ये आल्ट व शिफ्ट या कळा नकळत एकत्र दाबल्या गेल्या, तर लिपी बदलू शकते. त्यानंतर अधिष्ठान, म्हणजे यंत्रातील मांडणी. शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय तेथे बंद करता येते. एवढा शोध झाल्यावर दैवाच्या वाट्याला फारच थोडे उरते.

राहता राहिला कर्ता. युरोपीय संघाच्या अनुवादकांत ‘क्युपर्टिनो’ची गोष्ट प्रसिद्ध आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्या काही जुन्या आज्ञावलींत ‘को-ऑपरेशन’ हा इंग्रजी शब्द जोडरेघेसहच नोंदलेला होता. रेघ नसली, की यंत्र त्याऐवजी कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो या शहराचे नाव सुचवी. त्यामुळे गंभीर सरकारी कागदांतही सहकार्याच्या जागी एक गाव जाऊन बसले. सुचवले यंत्राने खरे. पण होकार दिला तो न वाचणाऱ्या माणसाने.

आमच्या मेजावरील कागदात एखाद्या निवृत्त माणसाचे नाव असते. एका अक्षराच्या फरकाने त्याचे निवृत्तिवेतन अडू शकते, आणि ‘यंत्राने केले’ या उत्तराने त्याच्या घरची चूल पेटत नाही. चुकीचा उगम यंत्र घडवणाऱ्यांकडे असेल, तर त्यांना जाब अवश्य विचारावा. परंतु सही ही ‘मी लिहिले’ याची नव्हे, तर ‘मी वाचले आणि मान्य केले’ याची ग्वाही असते. लिहिण्याचे काम यंत्राकडे गेले तरी ही ग्वाही आपल्याकडेच राहते. म्हणून सहीपूर्वी निदान माणसांची नावे तरी एकेक अक्षर लावून वाचावीत, असे आम्हांस वाटते.