धारेचे मोल

वस्तरा महागडा घ्यावा की स्वस्त, हा प्रश्न नीतिविचाराच्या कक्षेत यावा इतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. परंतु माणसाची विवेकबुद्धी ग्रंथांपेक्षा बाजारातच अधिक कसास लागते.

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी, संत जनाबाईंच्या गंगाखेडास, घाटावर क्षौर करविण्याची रीत जुनी आहे. पूर्वी नाभिकाच्या धोकटीतला वस्तरा दगडावर पाजवून, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून वर्षानुवर्षे चाले. त्याची किंमत एकदाच मोजावी लागे. निगा मात्र रोजची. १९०४ साली अमेरिकेत किंग कँप जिलेट यांना बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले, आणि हळूहळू निगेची जागा फेकून देण्याने घेतली.

ह्या बदलास केवळ अवनती म्हणणे न्याय्य होणार नाही. एकाचे रक्त लागलेले पाते दुसऱ्यास लावल्यास रक्तावाटे पसरणारी कावीळ वा एड्ससारखा रोग संभवतो. म्हणून केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते बसविणेच योग्य. तेथे पाते वाचविणारा आपला पैसा दुसऱ्याच्या जिवावर वाचवितो. पाते स्वस्त आहे, म्हणूनच हे कर्तव्य सर्वांच्या आवाक्यात राहते.

मग महागाईत काहीच अर्थ नाही काय? आहे, पण मर्यादित. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली असे दाखविले की, पोलादाहून सुमारे ५० पटींनी मऊ असलेला केसदेखील, पोलादाची घडण जेथे असमान असेल तेथे, धारेचे टवके उडवू शकतो. तेव्हा चांगल्या पोलादास अधिक दाम देणे रास्त. परंतु अक्षय धार कोणत्याही किमतीस मिळत नाही. त्यापलीकडचा पैसा बहुधा मुठीच्या झळाळीचा आणि आपल्या मिजाशीचा असतो.

उलट, मुठीसकट फेकून द्यावयाचा प्लास्टिकचा वस्तरा स्वस्त भासतो, कारण त्याच्या कचऱ्याचा भार आपण हिशेबात धरीत नाही. धातूची साधी, टिकाऊ मूठ एकदा घ्यावी व पाती तेवढी बदलावीत, हा मला मध्यममार्ग वाटतो. मात्र रोजंदारीवर जगणाऱ्यास एकदम तेवढे दाम काढता येत नाहीत. तो थोडे थोडे देऊन अखेर अधिकच देतो. त्याच्या खरेदीस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. निवड करण्याची ऐपत आपल्यापाशी आहे. म्हणून जबाबदारीही आपली. वस्तू किती रुपयांस मिळाली एवढे विचारून भागत नाही. उरलेली किंमत कोण भरतो, हेही विचारले पाहिजे.