बांबू आणि कळस

माउली, भवसागर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अथांग पाणी येते. तो खोल आहे, म्हणून त्याचे भय, अशी आपली समजूत. कोकणात शिडाच्या होडीवर ज्यांची हयात गेली, त्यांना धाक असतो तो उथळ पाण्याचा. भर समुद्रातून सुखरूप आलेली होडी खाडीच्या तोंडाशी, घरे दिसू लागल्यावर, कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर बसते आणि मागून येणारी लाट तिच्या फळ्या खिळखिळ्या करते.

सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, वाशिष्ठी दाभोळला, कर्ली देवबागला. नदी गाळ आणते, समुद्र वाळू लोटतो, आणि अशा मुखांशी वाळूचे दांडे तयार होतात. त्यांतून होडीपुरती खोल वाट असते, पण ती एका जागी राहत नाही. आपण आषाढीला पंढरीच्या वाटेवर असतो, तेव्हा तिकडे होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि पावसाळी लाटा त्या वाळूची उलथापालथ करीत असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होडी पुन्हा उतरते. खाडी तीच असते; वाट मात्र तीच असेल असे नाही.

आता तांडेलाने काय करावे? त्याच्याजवळ वडिलांनी दिलेली खूण आहे. देवळाचा कळस आणि टेकडीवरचे झाड एका रेषेत आले की सरळ आत शिरायचे. तो ती खूण धरूनच येतो. पण दांडा जवळ आला की शीड आवरून वेग कमी करतो आणि पुढच्या टोकाला एका माणसाला लांब बांबू घेऊन उभे करतो. बांबू टेकला की माणूस ओरडून पाणी किती ते सांगतो. वडिलांनी वाट सांगितली असताना पुन्हा खोली मोजणे, हा त्यांच्यावरचा अविश्वास झाला का?

मला तसे वाटत नाही. वडिलांनी दिलेले खरे धन बांबू धरायला शिकवणे हे होते; त्या वर्षीची वाट ही त्या शिकवणीतून त्यांना सापडलेली गोष्ट. त्यांनी आणखीही काही दिले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तुमच्यापैकी किनाऱ्याकडच्यांना ठाऊक असेल. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी अडीचच्या आसपास पुरी ओहोटी. स्थळागणिक थोडे मागेपुढे होते, पण हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, कारण तो चंद्रावर उभा आहे, वाळूवर नाही.

हा हिशेब पाळणे सोपे नसते. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर होडी बाहेर गेली, दुपारी खारे वारे सुटले आणि शीड फुगवून ती दोन वाजता मुखाशी आली. वारा घराकडेच ढकलतो आहे. अंगणात वाळत घातलेले कपडे दिसताहेत. आणि तिथी एकादशी! अशा वेळी शीड उतरवून, नांगर टाकून, बाहेर हेलकावे खात बसायचे. पाणी चढू लागले की मगच शिरायचे, कारण चढत्या पाण्यात होडी टेकली तरी पुढची घटका तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर तशीच सोडून देते. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या माथ्यावर जो वाळूवर चढला, त्याची अवस्था आणखी बिकट. त्यापुढच्या भरत्या दिवसागणिक लहान होत जातात. तेवढे पाणी परत यायला जवळजवळ पंधरवडा लागतो. सगळे भरात असताना घेतलेली उडी अशीच असते, हे मला संसारातही दिसले आहे.

उलट बाजूही सांगतो. बांबू होडीखालचे पाणी सांगतो, घर कुठे आहे ते सांगत नाही. नुसत्या बांबूवर विसंबून कळस नजरेआड करणारा तांडेल खोल पाण्यातच राहील, पण भलत्याच दिशेला. हल्ली प्रत्येक गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय न मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या हातात बांबू आहे, एवढे मान्य.

अवघड आहे ते कळस कोणता आणि वाळू कोणती हे ओळखणे. दिंडीत एखादी गोष्ट ‘नेहमी असेच करतात’ म्हणून चालते, तेव्हा ती कशावर उभी आहे हे आपण विचारतो का? नामस्मरणाबद्दल मला शंका नाही. मुक्कामाची जागा, पंगतीत कोण कुठे बसणार, कोणाला पुढे घ्यायचे, कोणाला मागे, या गोष्टी कोणा एका वर्षी सोयीने ठरल्या असतील आणि पाणी केव्हाच दुसरीकडून वाहू लागले असेल.

चंद्रभागेला भरती-ओहोटी नाही, पण वाळू आहे. वाळूतला खड्डा दरवर्षी त्याच जागी नसतो. आजोबांनी जिथे स्नान केले तिथेच मी करीन, हा भाव गोड आहे. त्यापायी नातवाला डोळे मिटून त्याच जागी उतरवणे मला पटत नाही. जाणते वारकरी काठी पुढे टेकवून पाहतात, एक पाऊल टाकतात, पुन्हा काठी टेकवतात आणि मग मागे वळून पोराचा हात धरतात. तोंडात नाम चालूच असते.