चढलं कोण?

हिमालयात जाऊन आलेल्या माणसाला दुसरा विषय सुचत नाही. गंगापुरात हल्ली लोक मला लांबून पाहून गल्ली बदलतात. बदलोत बापडे!

आम्ही चौघे मित्र चार दिवसांच्या पायपिटीला ‘फुलों की घाटी’कडे गेलो होतो. तोवर उंचीची आमची कल्पना दौलताबादच्या किल्ल्यापाशी संपत होती, आणि तिथेही दोघे अंधेरीच्या तोंडाशीच ‘आम्ही इथं चपला सांभाळतो’ म्हणून बसले होते.

पुलना गावापर्यंत जीप जाते. तिथून घांघरियापर्यंत सुमारे १० किलोमीटर चढ. पहिल्याच किलोमीटरला आमची ओझी एका नेपाळी पोराच्या पाठीवर गेली. त्यात माझा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता आणि वकीलसाहेबांची, का कोण जाणे, इस्त्री होती. पोरगा दर वळणावर थांबून आमची वाट बघायचा. हेमकुंडाच्या चढावरही रेनकोट आणि फराळ त्याच्याच पाठीवर. मी फक्त मला नेलं. अर्थात तेही ८२ किलो भरतं म्हणा!

गावी येऊन ‘आम्ही चढलो’ असं खुशाल सांगत सुटलो. मग फ्रँक स्माइदबद्दल वाचलं आणि घोटाळा झाला. १९३१ साली कामेट शिखर सर करून परततानाच त्याला ही फुलांची दरी दिसली. त्या कामेटचा माथा दोन पावलांवर आला, तेव्हा या साहेबलोकांनी भार वाहणाऱ्यांचा म्होरक्या लेवा याला पुढे ढकललं. ७,७५६ मीटरच्या त्या माथ्यावर पहिलं पाऊल त्याचं पडलं. आम्ही आमच्या पोराला पुढे केलं होतं ते फक्त चहा सांगायला.

मी ही शंका चहाच्या टपरीवर काढली. वकीलसाहेब उसळले. “अहो, रोजचे ठरले ते पैसे दिलेत ना? शेत बटईनं दिलं म्हणून पीक काय बटईदाराचं होतं?”

“अर्धं होतं की!” टपरीवाला गाळणं झटकत म्हणाला. त्याने बरीच वर्षं बटई केलेली. वकीलसाहेबांनी त्या दिवशी बशीतला चहा थंड होऊ दिला.

घरी आईला फोटो दाखवला. हेमकुंडाच्या तळ्याकाठी चौघे ओळीने, छात्या पुढे काढून. आईने चष्मा लावून दोनदा मोजलं.

“तुम्ही चौघं तर इथं उभे. मग फोटो कोणी काढला रे?”

“होता एक पोरगा. सामान घ्यायला.”

“नाव काय त्याचं?”

मी फोटो उलटून पाहिला. मागे चार नावं लिहिलेली होती.