मधल्याचा हात

रविवारी पहाटे कोंढव्याकडून बोपदेव घाटाच्या दिशेनं निघालेले सायकलस्वार पाहिले, की बाहेरच्याला वाटतं, हौशी मंडळी गप्पा मारत फिरायला निघाली आहेत. गप्पा चहाला थांबल्यावर होतात. सायकल चालत असताना जे बोलणं होतं ते बहुतेक एकेका शब्दाचं. ‘खड्डा!’ ‘खडी!’ ‘रम्बलर!’ ‘मागून गाडी!’ बोलताना हातही चालू असतो. उजवीकडे खड्डा असेल तर उजवा हात खाली करून बोट रस्त्याकडे. वाळू किंवा खडी पसरली असेल तर पंजा उघडा ठेवून सीटखाली हलवायचा. थांबायचं असेल तर मूठ पाठीशी. नव्या माणसाला सुरुवातीला हे सगळं जरा जास्तच वाटतं. समोर रस्ता दिसतोय की आपल्याला, मग हे ओरडणं कशाला, असा त्याचा चेहरा असतो.

पण रस्ता त्याला दिसत नसतो. सपाटीवर वेग वाढला, की पायांची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं, तर मागच्याचे साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून सरावलेले लोक पुढच्या चाकापासून जेमतेम अर्धा मीटर अंतर ठेवून चालवतात. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त. पुढच्याचं मागचं चाक ज्या खड्ड्याला घासून निघून गेलं, तिथं मागच्याचं पुढचं चाक सेकंदाच्या सोळाव्या भागात येऊन पोचतं. दिसलेल्या गोष्टीवर हालचाल करायला मात्र चांगल्या सावध माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. मागच्याची नजर कितीही तेज असली, तरी हा हिशोब जुळत नाही. त्याच्यापुढं पुढच्याची पाठ असते आणि त्या पाठीवर त्यानं विश्वास टाकलेला असतो.

पुढचा माणूस बहुतेक वेळा चुकत नाही. खड्डा त्याच्याच चाकापुढं आलेला असतो, त्यामुळं आवाज आपसूक निघतो. शेवटच्यालाही काही करायचं नसतं, त्यानं फक्त ऐकायचं. खरं काम असतं ते मधल्याचं. खड्डा त्यानं शोधलेला नसतो आणि पुढच्यानं सांगितल्यामुळं तो त्याला लागणारही नसतो. त्याच्यापुरता प्रश्न सुटलेला असतो. अशा वेळी हँडलवरचा हात काढून पुन्हा खाली करायचा, तोच शब्द पुन्हा ओरडायचा, हे त्याच्या स्वतःच्या काहीच उपयोगाचं नसतं. दमलेल्या माणसाला तर हात काढणंही जिवावर येतं. बांधकामावर विटा हातोहात वर जातात, तिथं मधल्यानं एक वीट हातातच ठेवली तर वरचा गवंडी रिकामा बसतो. रस्त्यावर मधल्याचा हात हलला नाही, तर शेवटचा माणूस आपटतो. आणि शेवटी असतो तो बहुधा नवा, दमलेला, डोळे फक्त पुढच्या चाकावर खिळलेला. ज्याला इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापर्यंत इशारा सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात क्षीण होऊन पोचतो.

मला या खेळातली ही गोष्ट वेग, चढण, किलोमीटर या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. सायकल कुणी किती महागाची घेतली, यावरून मी माणूस जोखत नाही. चौथ्या-पाचव्या नंबरवर चाललेला असताना त्याचा हात खाली जातो का, एवढं पाहतो.

निरोप उलटाही जातो. खड्डे पुढून मागं येतात, तर गाड्यांची बातमी मागून पुढं जाते. शेवटच्याला ट्रकचा आवाज आधी लागतो. तो ‘मागून गाडी’ म्हणतो, मधले तेच पुढं सरकवतात आणि दोघं-दोघं शेजारी चाललेले एका ओळीत येतात. दोन्ही बाजूंचे निरोप मधल्यांच्याच हातून जातात. म्हणूनच कानात इअरफोन घालून समूहात चालवणं मला मान्य नाही. एकट्यानं चालवतानाही ते बरं नाहीच, पण समूहात तो सरळ दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. ज्याच्या कानात गाणं चालू आहे, त्याच्यापाशी येऊन साखळी तुटते आणि ती तुटल्याचं त्याला कळतही नाही.

घाट उतरताना हेच सगळं बदलतं. तिथं हात ब्रेकवरून काढायचा नाही. वळणावर ट्रकमधून सांडलेली वाळू असते, पावसाळ्यात कडेनं मातीचा ओघळ आलेला असतो. तोंडानं ओरडलेलं वाऱ्यात अर्धं उडून जातं. मग उपाय एकच, अंतर वाढवायचं. अर्ध्या मीटरचं दहा-पंधरा मीटर करायचं, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे डोळे परत मिळतात.

न बोलता करायच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. चढावर सीटवरून उठून उभं राहताना सायकल वीतभर मागं गेल्यासारखी होते. आपल्याला ते जाणवतही नाही, कारण पॅडलवरचा जोर क्षणभर सुटतो एवढंच. मागच्याचं चाक मात्र तेवढ्यात येऊन चिकटतं, आणि चाकाला चाक लागलं की पडतो तो मागचाच. म्हणून जाणती माणसं उठण्याआधी एक गियर जड करतात आणि पॅडल खाली दाबतानाच उभी राहतात. सायकल मागं येत नाही. हे कुणी पाहत नाही, कुणी शाबासकी देत नाही.

मडगार्डचंही असंच. पाऊस सुरू झाला की पुण्यात आपली स्वतःची पाठ चिखलानं रंगू नये म्हणून लोक प्लास्टिकची पट्टी सीटखाली अडकवतात. ती पाठ वाचवते, मागच्याचं तोंड नाही. ब्रिटनमधल्या कित्येक क्लबांत हिवाळी फेऱ्यांना पूर्ण लांबीचं मडगार्ड आणि त्याच्या टोकाला पार खालपर्यंत येणारा रबरी पडदा लावून यायची रीत आहे. तो पडदा लावणाऱ्याच्या कामाचा नाही, त्याच्या मागं येणाऱ्याच्या कामाचा. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डवर खाली पांढरा पट्टा असायचा, तो आठवतो का? दुसऱ्या महायुद्धात दिवे घालवलेल्या ब्रिटनच्या रस्त्यांवर तो सक्तीचा होता. अंधारात मागून येणाऱ्याला सायकल दिसावी, एवढ्यासाठी. बसणाऱ्याला स्वतःला तो पट्टा कधी दिसायचाच नाही.

दिव्यांच्या बाबतीत आपण अजून शिकायचे आहोत. मागचा लाल दिवा हवाच, दिवसाही हवा. पण हल्ली मिळणारे प्रखर लुकलुकणारे दिवे समूहात मागच्याच्या डोळ्यांत सुईसारखे टोचतात आणि त्याला पुढचा हातही दिसेनासा होतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलवाल्यांची पंढरी म्हणावी अशी फेरी. सुरू झाली १८९१ मध्ये. हल्ली ती चार वर्षांतून एकदा होते, १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त ९० तास. तिथं रात्रभर हजारो दिवे एकामागं एक चालतात आणि लुकलुकणारा दिवा चालत नाही, तो स्थिरच लागतो. जर्मनीतही सायकलच्या दिव्याला लुकलुकायला परवानगी नाही. आपल्याकडं २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेचं बंधन असलेली लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत पुरी करायला निघालेली मंडळी परावर्तक जाकीट घालतात, दोन-दोन दिवे लावतात, हे चांगलंच आहे. त्यात एवढीच भर घालावी, की समूहात शिरताना मागचा दिवा स्थिर करावा आणि थोडा खाली वळवावा.

आता ऑफिसला सायकलनं जाणाऱ्याचं काय? त्याच्यापुढं कुणी ओळखीचा नाही आणि मागं पीएमपीची बस, रिक्षा, घाईतली दुचाकी. त्याला ‘खड्डा’ म्हणून सांगणारं कुणी नाही. तो रस्ता पाठ करतो. कुठल्या चौकात पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनं उभ्या आहेत आणि २५ मिलीमीटरचं टायर त्यात सरळ आत जाईल, हे त्याला झोपेतही सांगता येईल. कुठल्या पेव्हर ब्लॉकवर जुलैत शेवाळ धरतं, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग ओला झाला की कसा निसरडा होतो, हे त्याच्या अंगात असतं. सायकल ट्रॅक म्हणून जे आहे ते मध्येच एखाद्या टपरीशी किंवा लावलेल्या गाड्यांशी संपतं, त्यावर मी इथं लिहीत बसत नाही.

तरीही तो मधलाच असतो. त्याच्या मागच्या बसचालकाला तो पुढं काय करणार हे कळायला हवं, आणि ते कळतं त्याच्या सरळ चालण्यातून. रस्त्याकडेला उभ्या गाड्यांची रांग असेल तर प्रत्येक मोकळ्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येण्यापेक्षा त्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवून एका रेषेत जावं. आत-बाहेर करणारा सायकलवाला स्वतःला सौजन्यशील समजतो, पण मागच्याला तो दर वेळी नव्यानं दचकवतो. शिवाय त्या मीटरभर अंतरात उघडणारं दारही टळतं. गाडी चालवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. उतरताना दार डाव्या हातानं उघडा. उजव्या हातानं उघडलं तर तोंड समोरच राहतं. डावा हात पलीकडच्या दारापर्यंत नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये लोकांच्या अंगी हीच सवय मुरलेली आहे, फक्त तिथं गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं असल्यानं हात उजवा.

निरोप पुढं देण्याची सवय आपल्या रस्त्यांना नवी आहे, असं मात्र नाही. चेंबरचं झाकण गेलं की तासाभरात कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतो. कधी फांदीला लाल चिंधी बांधलेली असते, कधी शेजारी फुटकी कुंडी. कोण करतं हे? बहुधा पानवाला, भाजीवाली, नाहीतर तिथं आपटता आपटता वाचलेला एखादा दुचाकीवाला. त्याचं त्याच्यापुरतं भागलेलं असतं. तरी तो थांबतो, फांदी तोडून आणतो.

सायकलवाल्याला थांबणं सगळ्यांत सोपं. त्याला गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही. काचेचा चुरा दिसला तर पाय टेकून बुटानं कडेला सारता येतो, फांदी आडवी झाली असेल तर पुन्हा उभी करता येते, आणि महापालिकेच्या तक्रार क्रमांकावर चेंबरचा फोटो पाठवता येतो. यात दोन मिनिटं जातात आणि ऑफिसात हात धुवावे लागतात.

ग्रुप चालवणाऱ्यांना शेवटी एक सांगायचं आहे. नव्या मुलाला किंवा मुलीला, दमतील म्हणून, आपण शेवटी ठेवतो. तसं करू नका. त्यांना तिसऱ्या-चौथ्या जागी घ्या, त्यांच्या पुढं आणि मागं अनुभवी माणूस ठेवा आणि शेवटाला असा गडी ठेवा ज्याच्याकडं पंप, जादा ट्यूब आणि मोठा आवाज आहे. तिसऱ्या जागी नव्याला वाराही फारसा लागत नाही, हाक ताजी ऐकू येते, आणि पहिल्याच दिवशी त्याला हात खाली करायला लागतो.